खालच्या ओळीतली थिएटरं

वर्तमानपत्रातल्या सिनेमाच्या जाहिरातीला एक उतरंड असायची. वर नट-नट्यांचे चेहरे, त्याखाली ठसठशीत अक्षरात मुख्य चित्रपटगृह, म्हणजे मिनर्व्हा, मराठा मंदिर, रॉक्सी नाहीतर ऑपेरा हाउस. आणि अगदी तळाला, भिंग लावून वाचावं अशा टायपात, आम्ही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड. आमचे वडील शुक्रवारी हे पान तळापासून वाचायचे. मुलुंडच्या 'मेहुल'ला काय लागलंय आणि 'जवाहर'ला काय, एवढं आईला ओरडून सांगितलं की त्यांचा सिनेमाशी संबंध संपला. बघायला जायचो ते आई आणि आम्ही.

बँकेतून निवृत्त झाल्यावर मी या तळाच्या ओळीच्या मागे लागले. उपनगरातली थिएटरं शोधायची, उभी असतील तर आत जायचं, नसतील तर जिथे होती तिथल्या पानवाल्याशी बोलायचं, आणि कधीकाळी तिथे नोकरी केलेलं कुणी भेटलं तर त्याचं बोलणं फोनवर टिपून घ्यायचं. मुलानं विचारलं, हे कुणासाठी? मी म्हटलं, करमत नाही म्हणून. तेवढं कारण मला पुरतं.

शहरातल्या थिएटरांना इतिहासकारांची वाण नाही. ७ जुलै १८९६ ला वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रं पडद्यावर हलली, १९१३ साली गिरगावात कोरोनेशनला 'राजा हरिश्चंद्र' लागला, १९३१ साली मॅजेस्टिकला 'आलम आरा'. पुढे रीगल, मेट्रो, इरॉस, लिबर्टी. त्यांच्या जिन्यांवर, दिव्यांवर, छतांवर पुस्तकं निघाली. २०१८ साली मुंबईच्या आर्ट डेको इमारतींना युनेस्कोनं जागतिक वारशात घेतलं तेव्हा इरॉसही त्यात गेलं. योग्यच झालं. पण मुलुंडच्या थिएटरवर कोण लिहिणार? तिथे ना प्रीमियर झाला, ना कुणी राजेमहाराजे आले, ना इमारतीत बघण्यासारखं काही होतं. एक मोठा पत्र्याचा नाहीतर सिमेंटचा खोका, पुढे जाळीचा दरवाजा, आणि भिंतीत काचेच्या शोकेसमध्ये टाचण्यांनी लावलेले पिक्चरचे फोटो.

गंमत अशी की पिक्चर बनत होते ते उपनगरातच. बॉम्बे टॉकीज १९३४ पासून मालाडला, फिल्मिस्तान १९४३ पासून गोरेगावला. 'मुगल-ए-आझम'चा शीशमहाल उभा राहिला तो अंधेरीच्या मोहन स्टुडिओत. १९६० साली पिक्चर तयार झाला आणि रिळं हत्तीवरून मिरवत गेली, ती मराठा मंदिरला. शीशमहालाच्या काचा ज्यांच्या गल्लीत उतरवल्या गेल्या, त्या अंधेरीकरांनी हत्ती पाहायचा तर लोकल पकडून बॉम्बे सेंट्रल गाठायचं!

सध्या जुन्या थिएटरांची नोंद ठेवणाऱ्यांत मोठं नाव हेमंत चतुर्वेदींचं. 'कंपनी', 'मकबूल' यांचं छायाचित्रण केलेला हा माणूस २०१९ पासून देशभर हिंडून एकपडदा थिएटरांचे फोटो काढतो आहे. त्याचे फोटो बघितले की मोडक्या खुर्च्यासुद्धा देखण्या वाटतात. माझ्याकडे ती नजर नाही. मला भिंतींपेक्षा हिशेब जास्त कळतो. आयुष्य कॅश काउंटरमागे गेलं, त्याचा परिणाम असेल. म्हणून मी मालकांच्या वाटेला फारशी जात नाही. मालक उद्घाटनाला कोण आलं होतं ते सांगतात. डोअरकीपर आणि बुकिंग क्लार्क लोक कोण होते ते सांगतात.

मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईत आलं, तोवर ठाणे जिल्ह्यात होतं. माझ्या लहानपणी, म्हणजे सत्तरच्या दशकात, आग्रा रोडला घाटकोपरपासून मुलुंड चेकनाक्यापर्यंत कारखानेच कारखाने. विक्रोळीत गोदरेज, भांडुपला सिएट, जीकेडब्ल्यू, पुढे मुलुंडला जॉन्सन. थिएटरचं घड्याळ या भोंग्यांवर चालायचं. रात्रपाळी करून आलेला माणूस थोडा झोपून बाराच्या खेळाला यायचा, म्हणून मॅटिनीला पंख्याखालच्या जागा आधी भरायच्या; त्यातले निम्मे इंटरव्हलच्या आधी घोरायचे, असं एका जुन्या डोअरकीपरनं मला सांगितलं. "त्यांना उठवायचं नाही, अशी ऑर्डर होती. तीनच्या खेळाआधी मात्र उठवायचं." सुगीचा दिवस म्हणजे पगाराच्या तारखेनंतरचा पहिला रविवार. कॅलेंडर त्याला तोंडपाठ होतं: कुठल्या कारखान्याचा पगार सातला, कुठल्याचा दहाला.

लेडीज खिडकी हा प्रकार आता समजावून सांगावा लागतो. तिकीट खिडक्यांत एक बायकांची असायची, तिथली रांग लहान. पुरुषांच्या रांगेत धक्काबुक्की, अधूनमधून हवालदाराची काठी, आणि खिडकीच्या जाळीतून हात आत घातला तर घड्याळ जपायचं. आमची आई लेडीज खिडकीची राणी होती. एका माणसाला चारच तिकिटं, असा नियम. आई चाळीतल्या दोघीतिघींना बरोबर न्यायची आणि एकेक करून खिडकी गाठून अख्ख्या मजल्याची सोय करायची. अनोळखी पोरं जवळ येऊन अदबीनं म्हणायची, "काकू, आमची दोन काढता का?" आई आधी चेहरा बघायची. हा ब्लॅकवाला आहे की कॉलेजचा, ते ती एका नजरेत ओळखत असे. ब्लॅकवाल्यालाही तिनं कधी तिकीट दिलं असेल; आम्हाला भजी खिलवून गप्प केलेलं आठवतं.

तिकीट म्हणजे पातळ, रंगीत कागदाचा कपटा. क्लार्क समोरच्या नकाशावर निळ्या पेन्सिलीनं खुर्ची खोडायचा आणि त्याच पेन्सिलीनं कपट्यावर नंबर लिहायचा. घाटकोपरच्या एका थिएटरात वीस-बावीस वर्षं बुकिंगला बसलेल्या बाईंना मी भेटले, तेव्हा त्यांनी ते बोलता बोलता करून दाखवलं: डाव्या हातानं नोटा पंख्यासारख्या पसरायच्या, उजव्या हातानं पेन्सिल, नजर नकाशावर. कानात पेन्सिल अडकवायची सवय अजून गेलेली नाही. आमचं बोलणं होईपर्यंत त्यांच्या कानावर नातवाची शाळेची पेन्सिल होती. प्रत्येक खेळानंतर डी.सी.आर. भरायचा, म्हणजे कुठल्या दराची किती तिकिटं गेली, त्यात करमणूक कर किती, वितरकाचे किती. वितरकाचा माणूस दारात उभा राहून डोकी मोजायचा, कारण मालकावर त्याचा विश्वास नसे, आणि मालकाचा क्लार्कवर नसे. "माझा कुणावर असायचा?" म्हणून बाई हसल्या.

त्यांनीच मला जिन्यांकडे बघायला शिकवलं. जुन्या थिएटरात बाल्कनीचा जिना वेगळा असतो. स्टॉलवाला बाजूच्या बोळातून आत शिरायचा, बाल्कनीवाला पुढच्या दारानं, आरशासमोरून. मुताऱ्या वेगळ्या, चहाची टपरी वेगळी. थिएटरात सगळे एकत्र बसायचे, डॉक्टर आणि हमाल एकाच वेळी हसायचे, असं हळवं होऊन लिहिणारे पुष्कळ आहेत. हसायचे एकाच वेळी, हे खरं. पण एकमेकांच्या समोर येणार नाहीत अशी तजवीज इमारत बांधतानाच केलेली होती. तरीही मला त्या बांधणीचं मोल वाटतं. मालकाला स्टॉलवाला हवा होता. पहिल्या आठवड्याचा गल्ला त्याच्या शिट्ट्यांवर ठरायचा. मल्टिप्लेक्सनं जिना एकच ठेवला. बोळातून येणाऱ्याला येऊच दिलं नाही की दुसरा जिना लागत नाही.

उगाच गळा काढण्यात मात्र अर्थ नाही. ढेकूण होते. पंखा डोक्यावर असला तरच हवा. अंधारात मागच्या रांगेतून पाय आणि बाजूनं हात यायचे. आम्ही मुली कडेच्या खुर्चीवर भावाला बसवायचो आणि पर्समध्ये सेफ्टी पिन ठेवायचो. १९८२ नंतर घराघरांत रंगीत टीव्ही आणि गल्लीत भाड्याचा व्हिडिओ आला, तेव्हा बायकांनी थिएटर सोडलं ते आळसानं नाही. त्यांना परत आणलं ते दोनदा. एकदा १९९१ साली 'माहेरची साडी'नं. आमच्या बिल्डिंगच्या बायका डबे घेऊन दुपारच्या खेळाला गेल्या आणि डोळे सुजवून आल्या. दुसऱ्यांदा १९९४ साली 'हम आपके हैं कौन'नं. तेव्हा तिकीट वाढलं, थिएटरं धुतली गेली, आणि स्टॉलवाला किंचित मागे सरकला. हे तेव्हा ध्यानात आलं नव्हतं.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २००१ च्या सुमारास राज्य सरकारनं मल्टिप्लेक्सना काही वर्षं करमणूक करात घसघशीत सवलत दिली. जुनं थिएटर मात्र कर भरत राहिलं. त्यात जमिनीला सोन्याचा भाव. घाटकोपर पूर्वेच्या 'ओडियन'च्या नावाचा आता मॉल आहे. पश्चिमेला 'श्रेयस' म्हटलं की रिक्षावाल्याला सिग्नल कळतो. अंधेरीला एस. व्ही. रोडवर एकाच आवारात अंबर, ऑस्कर आणि मायनर होती. कॉलेजच्या मुलांना ऑस्करचं तिकीट नाही मिळालं तर अंबर, तेही नाही तर मायनर.

घाटकोपरहून अंधेरीला मी नोकरीच्या काळात ३४० नंबरच्या बसनं गेलेली आहे. साकीनाक्याला एवढा वेळ जायचा की सहाच्या खेळाची पाटी पडायच्या आत पोचणं हा जुगार होता. पूर्व-पश्चिमेची थिएटरं म्हणून एकमेकांना परकी. मुलुंडकर ठाण्याला जाईल, अंधेरीला नाही. २०१४ साली मेट्रो सुरू झाली आणि घाटकोपर-अंधेरी वीसेक मिनिटांवर आलं, तोवर जाण्यासारखी थिएटरंच फारशी राहिली नव्हती.

सगळ्यात जास्त वेळ मी ज्यांच्याकडे बसले ते भांडुपचे एक ऑपरेटर. आता वय ऐंशीच्या घरात. कार्बनच्या काळातले. प्रोजेक्टरमध्ये दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर धरून त्यांच्यामध्ये ज्योत पेटवायची. कांडी जळत जाते, तसं अंतर हातानं सांभाळायचं, नाहीतर पडद्यावर पिवळट अंधार आणि खालून शिव्या. मशिनं दोन. एका रिळाच्या शेवटी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात वर एक ठिपका चमकतो, तो दिसला की दुसऱ्याची मोटर सुरू, पुढच्या ठिपक्याला पडदा त्याच्याकडे. प्रेक्षकाला कळता कामा नये. मी विचारलं, इतके पिक्चर पाहिले, आवडता कुठला? म्हणाले, "पाहिले कुठे? मी कोपरा पाहायचो."

मग त्यांनी ट्रंकेतून फिल्मचा हातभर तुकडा काढला आणि जोड कसा द्यायचा ते दाखवलं. ब्लेडनं एका टोकाची चिकट बाजू खरवडायची, चित्र निघून नितळ पट्टी दिसेपर्यंत; सिमेंटचा एक थेंब, दुसरं टोक भोकावर भोक बसवून वर, आणि अंगठ्यानं दाबून दहा आकडे मोजायचे. सिमेंट आता मिळत नाही म्हणून त्यांनी नुसताच अंगठा दाबला आणि खरोखर दहापर्यंत मोजलं. त्यांच्या पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "जेवायला बोलवलं तरी मोजूनच येतात."

एकच प्रिंट दोन थिएटरांत चालवायची, तेव्हा पहिली रिळं संपली की पोऱ्या ती पेटीत घालून सायकलनं दुसरीकडे पळवायचा. पाऊस, मोर्चा, रेल्वेचं फाटक, काहीही आडवं आलं की दुसरीकडे स्लाइडी दाखवत बसायचं. हे मला भांडुपच्या काकांनी सांगितलं, आणि त्यांच्या मते असा पोऱ्या बोरिवलीत अजून आहे.

तो मला सापडला. आता सत्तरीचा, आणि त्याचा थोरला भाऊ थिएटरसमोरच्या सायकल स्टँडवर होता. धाकट्याच्या मते 'जय संतोषी माँ' 'जया'ला लागला होता, बायका चपला बाहेर काढून आत जायच्या आणि त्या त्यानं राखल्या. थोरला म्हणतो, चपला 'अजंठा'च्या दारात होत्या आणि राखणारा तू नव्हेस, मी. फोनवर दोघे एकाच वेळी बोलत होते. बोलता बोलता स्टँडचं भाडं, हवालदाराचा हप्ता आणि त्या वर्षीच्या पावसाचा दिवस, सगळं बाहेर आलं. एकट्याला विचारून यातलं काही मिळालं नसतं. येत्या शनिवारी दोघांना एकत्र बसवणार आहे. थोरल्यानं अट घातली आहे की 'डायमंड' थिएटरचा विषय काढायचा नाही.