कागदाचं नाणं

मुहम्मद तुघलकाच्या तांब्याच्या नाण्यांचा विषय निघाला की आमच्या वर्गातली पोरं पोटभर हसतात. एका वर्षी त्यांचं हसू थांबवावं म्हणून आम्ही लायडनची गोष्ट काढली.

नेदरलँड्समधलं हे शहर. 1574 साली स्पेनच्या फौजेचा त्याला वेढा पडला होता. व्यवहाराला चांदी पुरेना. मग शहरवाल्यांनी चर्चमधल्या प्रार्थनापुस्तकांची पानं घेतली, एकावर एक चिकटवली, गोल कापली आणि ठशाखाली दाबली. झालं पाच आणि वीस स्टायव्हरचं नाणं! त्यातल्या काहींवर लॅटिनमध्ये 'हे स्वातंत्र्यासाठी' असं कोरलेलं होतं. त्यावरूनही वाद झाला. 'धर्मासाठी' असं का नाही, म्हणून तिथले धर्मोपदेशक रागावले. अर्थात, नाणं कशाचंही असो, बाजारात भाकरीच नसेल तर ते दाखवायचं कुणाला? हजारो माणसं भुकेनं आणि साथीनं गेली.

पहिल्या बाकावरची मुलगी उठली. "सर, दुआ की किताब फाड डाले?"

आमच्या घरी उर्दू अक्षर असलेला चिटोराही पायाखाली येऊ देत नाहीत. पुडीचा कागद अम्मी आधी वाचते, मग चुलीकडे नेते. त्या मुलीचं घरही तसंच असणार. आम्ही म्हणालो, "मजबुरी थी, बेटा." आणि पुढे सरकलो.

खरं तर शहर तेव्हा प्रोटेस्टंटांच्या हातात होतं आणि फाडलेली पुस्तकं कॅथॉलिकांची होती. मजबुरी होतीच, पण पानं दुसऱ्यांची होती. हे आम्ही गाळलं. उलट, 3 ऑक्टोबरला पाण्यावरून नावा घेऊन जे दर्यावर्दी शहर सोडवायला आले, त्यांच्यातले काही 'पोपपेक्षा तुर्क बरा' असं कोरलेली चंद्रकोर मिरवत, हे मात्र आम्ही रंगवून सांगितलं. चंद्रकोर म्हणताच वर्गानं टाळ्या वाजवल्या. आम्हालाही बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

थर सुटलेल्या काही नाण्यांत आतली छापील अक्षरं अजून दिसतात म्हणे. हे वाचलं तेव्हा ती मुलगी शाळा सोडून गेली होती. परवा बसस्टँडवर भेटली. सलाम केला, अकरावीत आहे म्हणाली. तेवढ्यात तिची एस.टी. लागली.