भिंतीआड जाण्यापूर्वी

साकीनाक्याच्या खैरानी रोडलगतच्या वस्त्यांत घर कधी एकटे नसते. एकाची भिंत तीच शेजाऱ्याची भिंत. खाली कारखान्याचा गाळा, वर बिऱ्हाड. त्यामुळे घरातील विजेची तार हा कुणाचाही निव्वळ खाजगी प्रश्न राहत नाही.

घराची दुरुस्ती निघाली की हल्ली प्रत्येकाला वायरिंग भिंतीआड हवे असते. झिरी पाडायची, पाइप बसवायचा, गिलावा करायचा. भिंत कशी स्वच्छ दिसते! घर आशीर्वादित करण्यासाठी आम्ही जातो, तेव्हा अनेक कुटुंबे विचारतात, "फादर, यासाठी परवानगी कुणाची घ्यायची?"

गल्ली खोदायची असेल तर महानगरपालिकेची. साकीनाक्यासाठी एल विभागाची. मीटरपर्यंतची केबल वीजकंपनीची. बिलावरील नाव बदलत गेले. १९२९ साली स्थापन झालेल्या बॉम्बे सबर्बनपासून २०१८ पासूनच्या अदानीपर्यंत. मीटरच्या पुढची जबाबदारी मात्र ग्राहकाचीच राहिली. तेथील काम परवानाधारक कंत्राटदाराने, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे, असे १९५६ च्या विद्युत नियमांत होते आणि २०२३ च्या नियमांतही आहे. सरकारी विद्युत निरीक्षकाची तपासणी पंधरा मीटरहून उंच इमारतींना लागू होते. आपल्या बैठ्या घरांत तो सहसा येत नाही. म्हणजे आपल्याकडे कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट हीच काय ती तपासणी!

आणि येथेच आमचे मन अस्वस्थ होते. आमच्या माहितीतील एका कुटुंबाच्या हाती असाच रिपोर्ट होता. सही, शिक्का, सारे यथास्थित. पण सही करणाऱ्याने घराचा उंबरठा ओलांडला नव्हता. पावसाळा आला, भिंतीला ओल धरली आणि पलीकडच्या बिऱ्हाडातील मुलाने भिंतीला हात टेकताच त्याला झिणझिण्या आल्या. गिलावा फोडला तेव्हा अर्थिंगची हिरवी तार पाइपातच संपलेली आढळली. तिचे दुसरे टोक कशालाच जोडलेले नव्हते. सुदैवाने मूल बचावले.

तेव्हा वाचकहो, सही विकत घेऊ नका, तपासणी मागा. पाइप उघडे असतानाच कंत्राटदाराला घरी बोलवा. अर्थिंगची तार कोठून कोठे जाते ते त्याच्याकडून समजून घ्या. भिंतीची छायाचित्रे काढून ठेवा. मेगरने ५०० व्होल्टवर एक मिनिट चाचणी करून निदान एक मेगओहम आकडा येतो का, हे आपल्यासमोर पाहा. ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारा ब्रेकर बसवून घ्या. मगच गवंड्याला हाक मारा. यात एखादा दिवस जाईल, थोडे पैसेही जातील. परंतु पुन्हा भिंत फोडण्याचा खर्च त्याहून मोठा असतो.

अंगणातून केबल न्यायची असेल तर ती पाऊण मीटर खोल पुरावी, भोवती वाळू घालावी, वर विटा मांडाव्यात, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. त्या विटांमागील विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो. पुढे केव्हातरी कुणी मजूर तेथे कुदळ मारील. त्याला आपण ओळखत नाही, कदाचित तेव्हा आपण तेथे नसूही. त्याची कुदळ तारेआधी विटेला लागावी, एवढ्यासाठीच ती वीट मांडायची.