तिसरा हात

नोकरीच्या निमित्ताने काही वर्षे माझे वास्तव्य अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात होते. तेथील हिवाळा मोठा कडक. विनेबागो सरोवर एकदा गोठले, की त्याच्या पाठीवरून लोक खुशाल मोटारी हाकतात! अशा दिवसांत लहान विमाने फारशी उडत नाहीत. तरीही एका हिवाळ्यात दर शनिवारी मी गावाबाहेरच्या धावपट्टीवर जात असे; कारण माझ्या शेजाऱ्यांना विमानाच्या कामासाठी मदतनीस हवा होता.

हे शेजारी सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शिक्षक होते. शाळेत ते मुलांना सुतारकाम आणि धातुकाम शिकवीत. सारा गाव त्यांना नुसत्या नावाने हाक मारी. मला मात्र ते धैर्य कधी झाले नाही. मी त्यांना 'मास्तर' म्हणू लागलो. त्या शब्दाचा अर्थ सांगितल्यावर त्यांनीही तो आनंदाने स्वीकारला.

मास्तरांनी स्वतःच्या हातांनी विमान बांधले होते. हे वाचून तुम्हांला नवल वाटेल. मलाही वाटले होते. परंतु त्या देशात असे हौशी विमानकार हजारोंनी आहेत. १९५३ साली मिलवॉकी येथे त्यांची संघटना स्थापन झाली, आणि १९७० पासून ऑशकोश या गावी उन्हाळ्यात त्यांची मोठी जत्रा भरत आली आहे. विमानाचे निम्म्याहून अधिक काम हौशी माणसांनी स्वतः केलेले असावे, एवढीच तेथील मुख्य अट. आपल्याकडेही कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधले व २०१६ साली ते प्रदर्शनात मांडले, हे तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल.

मास्तरांचे विमान दोन आसनांचे, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे होते. मोटार ठेवण्याच्या खोलीत त्याचे बांधकाम नऊ वर्षे चालले होते. पत्रे जोडण्यासाठी हजारो रिव्हेट ठोकाव्या लागतात, आणि हे काम पुष्कळदा एकट्याने होत नाही. एकाने बाहेरून ठोकायचे, दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा दाबून धरायचा. तो ठोकळा धरण्याचे काम मास्तरांच्या पत्नीने केले. विमान उडू लागल्यावर त्या उजव्या आसनावर बसत. मास्तर नकाशा उलगडू लागले, की तेवढा वेळ सुकाणूचा दांडा त्या सांभाळीत. मी त्या गावी जाण्यापूर्वी दोन वर्षे त्यांचे निधन झाले होते.

आदल्या शरद ऋतूत मास्तर एकटेच उडत होते. धुरकट हवा होती, क्षितिज दिसत नव्हते. नकाशाची घडी बदलण्यासाठी त्यांनी क्षणभर मान खाली घातली. मान वर करून पाहतात, तो डावा पंख चांगलाच कललेला! "आणि गंमत अशी," ते मला म्हणाले, "मी अगदी सरळ चाललो आहे, अशी माझी खात्री होती." आपल्या शरीराचा तोल कानाच्या आतील भाग सांभाळतो, पण बाहेरचे काही दिसेनासे झाले, की तोच आपल्याला फसवितो. १९५४ साली इलिनॉय विद्यापीठात या गोष्टीचा प्रयोग झाला. केवळ उपकरणांकडे पाहून उडण्याचे शिक्षण ज्यांना मिळाले नव्हते, अशा २० वैमानिकांना बाहेरचे काही दिसू नये अशी व्यवस्था करून विमान चालवावयास दिले. एकालाही ते सावरता आले नाही. विमान ताब्याबाहेर जाण्यास सरासरी १७८ सेकंद लागले. म्हणजे पुरती तीन मिनिटेही नव्हेत!

तेव्हा विमानात ऑटोपायलट बसवावयाचा, असे मास्तरांनी ठरविले. हा निश्चय त्यांना सोपा गेला नाही. "माझ्या हातांनी बांधलेले विमान दुसरे कोणी चालवावे, हे मला रुचत नाही," असे ते पहिल्या शनिवारी म्हणाले आणि लगेच कामाला लागले.

ही युक्ती तशी जुनी आहे. १९१४ च्या जूनमध्ये पॅरिसजवळ सीन नदीवर लॉरेन्स स्पेरी या तरुण अमेरिकन वैमानिकाने लोकांसमोर आपले दोन्ही हात वर केले, त्याचा साथीदार चालत पंखावर गेला, तरी विमान सरळ चालत राहिले! त्याच्या यंत्रात वेगाने फिरणारी चाके होती. भरधाव फिरणारा भोवरा जसा आपली ताठ उभी मान सहसा सोडत नाही, तशीच ती चाके आपली दिशा सोडीत नसत. आता तेच काम नखाएवढी इलेक्ट्रॉनिक चकती करते. पंख कलला की ती ओळखते, आणि मुठीएवढ्या विजेच्या मोटारीला हुकूम देते. या मोटारीला सर्व्हो म्हणतात. एक सर्व्हो शेपटीकडे बसतो आणि विमानाचे नाक वर-खाली करतो. दुसरा पंखात बसतो आणि पंखाच्या मागच्या कडेची झडप हलवितो.

नव्या विमानात हे काम सोपे असते. पूर्ण झालेल्या विमानात मात्र, शिवलेल्या उशीत बाहेरून बटण टाकण्यासारखा प्रकार होतो. उजव्या पंखाच्या पोटाला पुस्तकाएवढे एक झाकण होते. त्यातून एक हात आत जाई. तो आत गेला की डोळ्यांना काहीच दिसत नसे. माझे हात बारीक, म्हणून नट लावण्याचे काम माझ्याकडे आले. मास्तर नट मोजून वाटीत ठेवीत.

एका शनिवारी थंडीने माझी बोटे बधिर झाली होती. मास्तर कॉफी आणावयास गेले असताना एक नट बोटांतून निसटला. पत्र्यावर टिण् असा आवाज झाला, आणि मग काहीच नाही. मी शोधले, सापडला नाही. डबीत तसलेच पुष्कळ नट होते. मी एक उचलला, लावला आणि मास्तरांनी आणलेली कॉफी मुकाट्याने प्यालो.

रात्री मला झोप येईना. तो नट घरंगळत जाऊन झडपेच्या दांडीत अडकला तर? उडताना झडप हललीच नाही तर? अखेर मी फोन उचलला. माझे बोलणे ऐकून पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग मास्तर एवढेच म्हणाले, "उद्या सात वाजता या. चुंबक माझ्याकडे आहे."

रविवारी आम्ही सारी झाकणे उघडली. काठीला चुंबक बांधला, तारेला आरसा बांधला, आणि फळीवर उताणे पडून शोध सुरू केला. दुपार झाली. एकाएकी आरशात मला काळी अक्षरे दिसली. एका फासळीवर शाईने काही लिहिले होते. आरशामुळे ती उलटी दिसत होती, म्हणून वाचावयास वेळ लागला. 'बोटे दुखतात. उद्या सुट्टी.' खाली तारीख. मी आरसा मास्तरांच्या हाती दिला. ते कितीतरी वेळ पाहत राहिले. "पेन्सिलीने लिहू नकोस, पेन्सिलीच्या खुणेपाशी ॲल्युमिनियम गंजते, असे मी तिला नेहमी सांगे," ते म्हणाले. "तिने ऐकले म्हणायचे."

नट त्याच फासळीच्या मागे होता. झडपेची दांडी तेथून वीतभरही दूर नव्हती.

पुढे शेवटची तपासणी मास्तरांनी तीनदा केली. सर्व्होचा आखूड दांडा आणि त्याला जोडलेली सळई एका सरळ रेषेत आली, की कोपर ताठ झालेल्या हातासारखी ती अडकून बसतात आणि सुकाणू जखडते. म्हणून दांडा तेथवर पोहोचूच नये असा अडसर बसवावा लागतो. शिवाय सर्व्होच्या दांड्यात पितळेचा एक नाजूक स्क्रू असतो. यंत्र अडकलेच, तर वैमानिकाने जोर लावताच तो स्क्रू तुटतो आणि सुकाणू मोकळे होते. "मोडण्यासाठीच बसविलेला हा विमानातला एकटाच स्क्रू," मास्तर म्हणाले. सुकाणूच्या दांड्यावर एक लाल बटणही आहे; ते दाबले, की यंत्र तत्काळ हात काढून घेते.

एप्रिलमध्ये आम्ही उडालो. मी उजव्या आसनावर होतो. खाली विनेबागोचे पाणी मोकळे होऊन चमकत होते. ३,००० फुटांवर मास्तरांनी यंत्र चालू केले. ते ठाकठीक चालते आहे असे पाहून त्यांनी दांडा एका बाजूला दाबला. यंत्राने थोडा विरोध केला आणि हार मानली. दुसऱ्या बाजूलाही तसेच. मग त्यांनी हात सोडले. दांडा आपोआप थरथरला, किंचित डावीकडे, किंचित उजवीकडे. जणू कोणी अदृश्य माणसाने तो धरला होता. मास्तरांना आपले हात कोठे ठेवावेत, हेच कळेना. प्रथम त्यांनी ते मांडीवर ठेवले, मग घडी घातली. शेवटी त्यांनी नकाशा काढला आणि दोन्ही हातांनी पुरता उलगडला.

"तुम्ही बाहेर पाहा," ते मला म्हणाले. "या यंत्राला डोळे नाहीत. समोरून दुसरे विमान आले, तर त्याला कळायचे नाही."

मी बाहेर पाहू लागलो. बराच वेळ कोणी बोलले नाही.

धावपट्टी दिसू लागताच मास्तरांनी लाल बटण दाबले आणि दांडा हाती घेतला. विमान टेकले, थोडे उसळले, पुन्हा टेकले.

"ही उडी मात्र माझी हं!" मास्तर म्हणाले.