सहा की आठ?

१९६५ ची मस्टँग कारखान्यातून निघाली तेव्हा तिचे इंजिन आणि डिफरन्शिअल कोणते होते, याचा निवाडा करणे वाटते तितके सुलभ नाही. कारण फोर्डच्या नोंदींवरून एकेका गाडीचा दाखला मिळतो तो १९६७ पासूनचा, तत्पूर्वीच्या गाड्यांना स्वतःच्या अंगावरील ठशांचीच काय ती साक्ष. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. तेथील आमच्या शेजारच्या निवृत्त गृहस्थांनी अशी एक मस्टँग घेतली आणि दाराच्या कडेवरील पट्टीत इंजिनाच्या जागी असलेले 'ए' हे अक्षर मोठ्या समाधानाने मला दाखविले. त्याचा अर्थ २८९ घन इंचांचे, चार बॅरलच्या कार्बुरेटरचे, २२५ अश्वशक्तीचे व्ही-८. परंतु दोन रिव्हेटांनी बसणारी अशी पट्टी बाजारात नवी करून मिळते. तिच्यावर विसंबणे म्हणजे वादीच्या तोंडून निकाल ऐकणेच होय.

सबब बॉनेट उघडले. डाव्या मडगार्डच्या खाचेतून डोकावणाऱ्या पत्र्यावरील चिकट काळा थर रॉकेलच्या फडक्याने पुसताच '५टी०७टी' ही अक्षरे वर आली. पहिला टी मेटुचन कारखान्याचा (तो उभा होता एडिसनच्याच हद्दीत, नाव मात्र शेजारच्या गावाचे), आणि दुसरा टी इंजिनाचा: २०० घन इंच, एका ओळीत सहा सिलिंडर, १२० अश्वशक्ती.

एका ठशावर कोणाची मालमत्ता उणी ठरवू नये, म्हणून रुजुवात घेतली. व्ही-८ ला चाकास पाच नट असतात, येथे चार. डिफरन्शिअलच्या पाठीवर बोल्टांनी आवळलेले झाकण, जे व्ही-८ च्या आठ इंची डिफरन्शिअलला नसते. आणि स्टार्टर उतरविल्यावर ब्लॉकवर ओतकामाची तारीख दिसली ती '६बी' ने सुरू होणारी, म्हणजे फेब्रुवारी १९६६ ची, जेव्हा १९६५ च्या मॉडेलचे उत्पादन केव्हाच आटोपले होते.

गृहस्थांचा चेहरा उतरला. सहा सिलिंडरची मस्टँग कमअस्सल, ही समजूत मला कधीच मानवली नाही, आणि तसे मी बोलूनही दाखविले. परंतु मला खरी धास्ती होती ती निराळीच. इंजिन बदलणाराने ब्रेकना हातही लावला नव्हता. दहा इंची ड्रमांच्या जागी सहा सिलिंडरचेच नऊ इंची ड्रम राहिले होते. पट्टीचे काय करावयाचे ते सावकाश ठरवा, मी म्हणालो, पण ब्रेक बदलल्यावाचून ही गाडी हमरस्त्यावर काढू नका.