आय-80 वरची दैनंदिनी (भाग तिसरा) : फाटक बंद

सोमवार, चेयेन ते लॅरमी

नेब्रास्काची सपाटी काल रात्री मागे पडली. चेयेन 1,848 मीटर उंचीवर आहे आणि इथून रस्ता चढत चढत शर्मनच्या माथ्यावर 2,633 मीटरला पोचतो. न्यूयॉर्कच्या शेजारून निघून सॅन फ्रान्सिस्कोपर्यंत जाणाऱ्या आय-80 महामार्गाचं हे सर्वांत उंच ठिकाण.

ज्यांच्या ट्रकमधून मी प्रवास करतोय ते पाजी पहाटे उणे 17 तापमानात हातोडा घेऊन ट्रकखाली शिरले. रात्री चाकांचं ओलं बर्फ ब्रेकच्या ड्रममध्ये गोठतं, मग ब्रेक सोडला तरी चाक सुटत नाही आणि टायर फरपटत येतो. प्रत्येक ड्रमवर दोन ठोके, गाडी हातभर पुढे, पुन्हा खाली उतरून बघायचं. डिझेलमधलं मेण गोठून फिल्टर तुंबू नये म्हणून टाकीत औषध त्यांनी कालच ओतलं होतं.

शर्मनच्या चढावर पाजी रस्त्यापेक्षा पुढच्या गाडीच्या टायरांकडे जास्त बघत होते. टायरांमागून पाणी उडतंय तोवर रस्ता फक्त ओला. पाणी उडायचं थांबलं आणि रस्ता तरीही ओलाच दिसतोय, म्हणजे खाली काच झाली. दुसरी खूण आरशाच्या दांड्यावर असते. तिथे बर्फाची पांढरी रेघ धरली की त्यांचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघतो. इंजिन-ब्रेक तर अशा रस्त्यावर ते वापरतच नाहीत, कारण फक्त मागची ओढणारी चाकं अडखळली की ट्रेलर कोयत्यासारखा दुमडून केबिनवर येतो.

लॅरमीपाशी बोर्ड लागला होता : पुढे ताशी शंभर किलोमीटरच्या आसपास वारा, हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद. आमच्या ट्रेलरमध्ये कागदी टॉवेलचे गठ्ठे. डबा छतापर्यंत भरलेला, पण वजन किती? काट्याची पावती सांगत होती, सगळं मिळून कायद्याच्या 36 टनांच्या मर्यादेच्या जेमतेम निम्मं. शिकागोहून ब्रोकरचा फोन आला. बाकीचे ड्रायव्हर निघालेत, तुम्हीच का थांबलात? "मेरे पीछे सोलह मीटर का डिब्बा है, और डिब्बे में कागज़," पाजी म्हणाले आणि गाडी ट्रक-थांब्यात वळवली. आवाज चढवला नाही, कारणांची यादी दिली नाही. स्वतःच्या ट्रकचे मालक असल्याने हे त्यांना जमलं, असं ते मागाहून म्हणाले.

मंगळवार, लॅरमी

पहाटे सगळ्याच गाड्यांना रस्ता बंद झाला. रेल्वे फाटकासारखा आडवा दांडा महामार्गावर येतो आणि आख्खा आय-80 थांबतो. पुढच्या गावात ट्रक उभे करायला जागा उरली नाही की मागच्या गावातही दांडा पडतो, म्हणून अडकलेल्यांची रांग गावागावांतून मागे सरकत जाते.

गंमत अशी की आभाळ निळंशार आहे. नवं बर्फ पडतच नाहीये. पडलेलं बर्फच वारा जमिनीलगत ओढून नेतो आणि त्यात बॉनेटच्या पुढचं दिसत नाही. लॅरमी ते रॉलिन्स या साधारण 160 किलोमीटरच्या पट्ट्याची ही जुनी खोड आहे. आधीचा रस्ता आणि रेल्वे दोन्ही उत्तरेला वळसा घालून मेडिसिन बोवरून जात. नवा रस्ता अंतर वाचवण्यासाठी सरळ एल्क माउंटनच्या पायथ्यातून काढला. इथला वारा जाणणारे स्थानिक नको म्हणत होते, तरी तो ऑक्टोबर 1970 मध्ये सुरू झाला. पुढच्याच वर्षापासून बर्फ अडवणारी लाकडी कुंपणं उभारावी लागली. रोनाल्ड टॅबलर या संशोधकाने त्यांचं गणित बसवलं. फटींमधून जाताना वारा मंदावतो आणि बर्फ रस्त्यावर येण्याआधीच कुंपणामागे टाकतो. कुंपणांनी खूप जीव वाचवले, पण वारा काही हटला नाही. मार्च 2020 मध्ये याच आय-80 वर, रॉलिन्सच्या पलीकडे, शंभराहून जास्त गाड्या एकमेकींवर आदळल्या.

लॅरमीजवळ पंजाबी ढाबा आहे. आज तिथे बसायला जागा नव्हती. आमच्या टेबलावर करनालचा एक पोरगा येऊन बसला, कंपनीचा ड्रायव्हर, मैलावर पगार. चाक फिरलं तर पैसे, नाही तर शून्य. कंपनीचा माणूस दर दोन तासांनी फोन करून विचारत होता, फाटक उघडल्या क्षणी निघशील ना? पोराने पराठा नुसता चिवडला होता. पाजींनी त्याला सांगितलं, "पुत्तर, फोन पे नहीं. बोल, लिख के भेजो."

त्यानं तसं कळवलं. त्यानंतर फोन आला नाही, लेखी निरोपही आला नाही.

पाजींचा हा सल्ला नुसता धूर्तपणा नाही. हवामान पुरेसं धोकादायक झालं तर गाडी थांबवावी आणि धोका टळेपर्यंत हलवू नये, असं अमेरिकेचा वाहतूक नियमच सांगतो. असुरक्षित गाडी चालवायला नकार दिला म्हणून नोकरीवरून काढता येत नाही, हे 1982 च्या कायद्याने ठरवलं. तक्रारीला 180 दिवसांची मुदत आहे. पोराला यातलं काहीच माहीत नव्हतं.

अल्फॉन्स मॅडिन या ट्रकचालकाचा खटला मात्र ढाब्यावरच्या बऱ्याच जणांना ठाऊक होता. जानेवारी 2009, इलिनॉय. ट्रेलरचे ब्रेक गोठलेले, केबिनचा हीटर बंद. मदत येईपर्यंत थांब, असा कंपनीचा आदेश. तासन्‌तास थांबून अंग बधिर झाल्यावर त्याने ट्रेलर सोडला आणि नुसता ट्रक घेऊन तो ऊब शोधायला गेला. थोड्या वेळाने परतही आला. कंपनीने त्याला काढून टाकलं. 2016 मध्ये अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी त्याच्या बाजूने निकाल दिला. विरोधी मत न्यायाधीश नील गॉर्सच यांचं. कायदा गाडी चालवायला नकार देणाऱ्याला वाचवतो आणि याने तर गाडी चालवली, हा त्यांचा युक्तिवाद. पुढच्याच वर्षी ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. मला तो युक्तिवाद कागदावर बरोबर आणि माणसाच्या बाबतीत सपशेल चूक वाटतो. गोठून मरायचं की नोकरी घालवायची, एवढीच निवड ज्याच्यापुढे ठेवली, त्याने तिसरी वाट काढली, तर तो गुन्हा कसा?

बुधवार, लॅरमी

फाटक बंदच. कपडे धुतले, झोपलो.

गुरुवार, रॉलिन्स

सकाळी दहाला दांडा वर गेला. इंजिनं एकदम गरजली, रांग हलली. पाजींनी आणखी एक चहा मागवला. "पहला घंटा टो-ट्रक वालों का." करनालचा पोरगाही त्यांचं बघून बसून राहिला.

आम्ही बाराच्या सुमारास निघालो. आर्लिंग्टनच्या अलीकडे दोन रस्त्यांमधल्या खळग्यात एक ट्रेलर कुशीवर पडला होता, चाकं वाऱ्याकडे. पाजींनी तिकडे मान वळवली नाही, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले होते. ट्रेलरला धक्का बसला की केबिन हलायच्या आधी त्यांची मनगटं हलत.

संध्याकाळी रॉलिन्सला हिशेब झाला. भाडं ठरलं होतं तेवढंच मिळणार, थांबलेल्या दिवसांचा एक डॉलर नाही. पाजी हप्ता कसाबसा भरतील. करनालच्या पोराच्या चिठ्ठीत या आठवड्याचे मैल निम्मे दिसतील. थांबायचा हक्क कायद्याने दिला, पण थांबण्याचा खर्च ड्रायव्हरच्याच खिशातून जातो. 1938 च्या श्रमकायद्याने आंतरराज्य ट्रकचालकांना जादा तासांच्या वेतनातून वगळलं आणि ती सूट आजही कायम आहे. ती काढायला हवी, आणि फाटकापाशी उभ्या राहिलेल्या तासांचे पैसे माल पाठवणाऱ्याकडून घ्यायला हवेत.