मी विचारायला विसरले ते प्रश्न



गेल्या महिन्यात मंदिरात एक नवी सून भेटली. कडेवर पाच महिन्यांचं बाळ. "ताई, खारघरमध्ये आपल्या पद्धतीचं पाळणाघर आहे का हो?" तिने विचारलं. काही वर्षांपूर्वी मी अगदी याच शब्दांत विचारत फिरत होते. तिला उभ्या उभ्या सांगितलं, ते आज नीट लिहिते.

2018 मध्ये माझी 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सासूबाई इचलकरंजीला, त्यात सासऱ्यांचं आजारपण, त्यामुळे त्यांना येणं शक्य नव्हतं. 2017 च्या कायद्याने 50 किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला तेव्हा पाळणाघराची सोय करावी लागत होती आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता येत होतं. पण आमच्या महापेच्या ऑफिसात माणसंच तीस!

मनात धास्ती होतीच. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरमधल्याच एका पाळणाघरात सांभाळणाऱ्या बाईने दहा महिन्यांच्या बाळाला मारल्याचं आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. त्यामुळे जो तो मला सांगे, "कॅमेरा आहे का ते आधी बघ." पण कॅमेरा तिथेही होता, म्हणूनच तर ते दिसलं. आधी मार बसला आणि चित्रण नंतर पाहिलं गेलं, हे तेव्हा माझ्याही लक्षात आलं नाही.

मला मिळालेल्या पाळणाघरात कॅमेरा होता. शिवाय कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, पाणी गाळलेलं आणि संध्याकाळचा घास सूर्यास्ताआधी. मला वाटलं, पुण्याईच फळाला आली. मी लगेच पैसे भरले.

दोन आठवड्यांत लेक गप्प गप्प झाला. रात्री मला सोडेना. एके दिवशी अर्धी रजा टाकून न कळवता तीनला तिथे पोचले. तो उंच खुर्चीत पट्ट्याने बांधलेला होता आणि समोर टीव्ही चालू होता. सकाळी दिलेली दुधाची बाटली तशीच भरलेली. अकरा मुलं आणि सांभाळायला एकच बाई. तिने कुणाला मारलं नव्हतं. मला पाहून बिचारी म्हणाली, "ताई, मी तरी किती जणांकडे बघू?"

दुसऱ्या दिवसापासून मी बिनपगारी रजेवर घरी.

थोड्याच दिवसांत दशलक्षण सुरू झालं. रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय. सातव्या दिवशी मांडीवर बाळ घेऊन सातवा अध्याय ऐकत होते. त्यात अहिंसाव्रताचे पाच दोष सांगितले आहेत: बांधून ठेवणं, मारणं, अवयव छेदणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं आणि अन्नपाणी अडवणं. लहानपणी पाठशाळेत पाठ केलेले हे शब्द. तेव्हा डोळ्यांसमोर बैल यायचा. त्या दिवशी ती खुर्ची आली, भरलेली बाटली आली आणि अकरा मुलांचं ओझं वाहणारी ती बाईही आली.

ताटातल्या बटाट्याची मी दहा वेळा चौकशी केली होती. बाळाला बांधतात का, तो दूध प्यायला नाही तर काय करता, एका बाईकडे किती मुलं, यातलं एकही विचारलं नव्हतं. त्या वर्षी क्षमावाणीला मी सर्वांत आधी लेकाची क्षमा मागितली.

मग पुन्हा शोध. आमच्या सेक्टरमागच्या गावठाणात एक आगरी काकू घरी मुलं सांभाळायच्या. त्यांच्या घरी मासळी शिजते, म्हणून आधी मी तिकडे वळलेच नव्हते. बोलत असताना आत एक मूल रडलं. काकू माझं वाक्य अर्धवट सोडून उठल्या आणि त्याला घेऊनच परतल्या. मग त्यांनीच मला विचारलं, हा झोपतो कसा, कशाला घाबरतो, रडला की काय केलं की थांबतो? पहिल्या ठिकाणी हे कुणी विचारलं नव्हतं.

मी चाचरत आमचे नियम सांगितले. त्या म्हणाल्या, "तुझा डबा, तुझी भांडी, तुझं पाणी. दुसरं काही त्याच्या तोंडात जाणार नाही. चारच मुलं घेते मी. पण घरात वास येणार, ते आधीच सांगते." हा खरेपणाच मला भावला.

फोनवर सासूबाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मासळीच्या घरात?" मला उत्तर देता आलं नाही. दिवाळीत त्या आल्या आणि स्वतः काकूंकडे गेल्या. उन्हं असतानाच काकू लेकाला आमच्या वाटीतली मुगाची खिचडी भरवत होत्या. एक घास, एक गोष्ट. सासूबाई तिथे पाणी प्यायल्या नाहीत. पण जाताना घरून आणलेली गुळाची ढेप काकूंना देऊन आल्या. तीन वर्षं लेक तिथे वाढला.

मी केलं तेच बरोबर, असं म्हणत नाही. प्रत्येक घराची मर्यादा वेगळी, ती सोडा असंही सांगणार नाही. आपल्या नियमांचं आणि प्रेमाचं, दोन्ही एका ठिकाणी मिळालं तर उत्तमच. लहान मुलाचे नियम सांभाळणं आईवडिलांचंच काम, आणि ते डब्यातून बरंचसं साधतं. माया मात्र डब्यात भरून पाठवता येत नाही.

म्हणून त्या सुनेला एवढंच सांगितलं: एका बाईकडे किती मुलं ते मोज. न कळवता दुपारी जा, कुणी दारातच अडवलं तर तिथूनच परत फिर. बाळ खात नाही तेव्हा काय करतात ते विचार. आणि दुसऱ्याचं मूल रडत असताना ती बाई काय करते, ते बघ. कांदा-लसणाचं त्यानंतर विचार.

जय जिनेंद्र.