एकोणऐंशीव्या वर्षी मॉरिशस

माझ्या सासूबाईंनी वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी प्रथम विमानात पाऊल ठेवले, आणि तेही थेट मॉरिशसला जाण्यासाठी. नातू तेथे दोन वर्षांच्या नोकरीवर गेला होता. "आजी, तू ये," असे तो दर रविवारी फोनवर म्हणत असे आणि त्या दर रविवारी हसून विषय टाळीत. सासरे गेल्यापासून त्यांचे जग खिडकीजवळची खुर्ची आणि देवघर एवढ्यावर आले होते. एके दिवशी मात्र त्यांनी मलाच विचारले, "समुद्र तिकडे कसा असतो गं? आपल्या राजापूरकडच्यासारखाच?" त्या प्रश्नानंतर मी तिकिटांची चौकशी सुरू केली.

घरात वाद झाला, हे लपविण्यात अर्थ नाही. आईंना वीस वर्षांचा मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन, हृदयासाठी लघवी वाढविणारी गोळी, आणि दोन्ही गुडघे झिजलेले. यजमानांचे म्हणणे असे की परक्या देशात काही झाले तर जबाबदारी कोणाची? माझ्याजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते. आजही पूर्ण उत्तर आहे असे मी म्हणणार नाही. पण आपल्या घरीही असा वाद चालू असेल, तर आमच्याकडून काय जमले आणि काय चुकले ते आपल्याला सांगावेसे वाटते.

प्रथम काळ निवडण्याविषयी. मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तेथील ऋतू आपल्या उलट चालतात. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो तेव्हा तेथे सौम्य थंडी असते. नोव्हेंबर ते एप्रिल हा उकाड्याचा आणि चक्रीवादळांचा काळ. वादळाच्या इशाऱ्याचे तेथे चार वर्ग आहेत, आणि वरच्या वर्गाचा इशारा लागला की दुकाने, वाहने, विमाने सारे बंद होते. तरुण माणूस दोन दिवस खोलीत अडकला तर कंटाळेल, एवढेच. मोजून औषधे नेलेल्या वृद्धासाठी तो प्रश्न वेगळा असतो. आम्ही ऑगस्ट निवडला. त्या दिवसांत आग्नेयेकडून जोराचे वारे वाहतात आणि पूर्व व दक्षिण किनारा चांगलाच गारठतो. पश्चिमेकडचा फ्लिक-आँ-फ्लाक, तामारीं हा भाग डोंगरांच्या आडोशाला असल्याने उबदार राहतो. वृद्धांना घेऊन जाणाऱ्यांनी उतरण्याचे ठिकाण पश्चिम किनाऱ्यावरच पाहावे, असे मी म्हणेन.

निघण्याआधी महिनाभर आम्ही आमच्या डॉक्टरांकडे जाऊन बसलो. त्यांनी औषधांची यादी मूळ रासायनिक नावांसह लिहून दिली. परदेशात आपल्या कंपन्यांची नावे कोणी ओळखत नाही. मूळ नाव मात्र कोठेही चालते. मॉरिशसच्या बाबतीत आणखी एक दक्षता हवी. झोपेच्या गोळ्या, चिंता कमी करणारी औषधे आणि तीव्र वेदनाशामके यांविषयी त्या देशाचे कायदे कडक आहेत आणि अशा औषधांना आगाऊ परवानगी लागू शकते. आपल्या घरातील कोणी रोज अशी गोळी घेत असेल, तर निघण्याच्या पुष्कळ आधी मॉरिशसच्या वकिलातीकडे चौकशी करावी. विमा घेताना जुने आजार लपवू नयेत. हप्ता वाढतो, पण लपविलेल्या आजारासाठी विमा कंपनी वेळेला हात वर करते.

इन्सुलिन नेहमी हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. सामानाच्या डब्यात ते गोठण्याची भीती असते आणि गोठलेले इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखे दिसले तरी कामाचे राहत नाही. थंड पिशवीतही बर्फाला थेट चिकटवून ठेवू नये, मध्ये कापड असावे. सगळी औषधे दुप्पट घेऊन दोन जणांच्या हातातील सामानात वाटावीत. सुदैवाने घड्याळाची अडचण नाही. मॉरिशस आपल्यापेक्षा अवघा दीड तास मागे आहे, त्यामुळे औषधांच्या वेळा फारशा ढळत नाहीत.

मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास लागतात. खरा त्रास विमानात नसून विमानतळाच्या लांबलचक वाटांत आहे. चाकांची खुर्ची तिकीट काढतानाच मागावी आणि दोन दिवस आधी पुन्हा खात्री करावी. आई खुर्चीत बसायला तयार होईनात. "मी काय पांगळी आहे?" हा त्यांचा प्रश्न. खुर्चीतल्या माणसाला रांगेत पुढे घेतात, हे मी सांगितले तेव्हा त्या लगबगीने बसल्या आणि मागे वळून मला म्हणाल्या, "तूही ये माझ्याबरोबर, तिथे एकटी उभी राहू नकोस." विमानात दर तासाला घोटे वर-खाली हलवायला लावावेत, एक-दोनदा उठवून चालवावे. पायांत रक्ताची गुठळी होण्याची भीती त्याने कमी होते. दाबाचे मोजे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नयेत; पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांना ते बाधतात.

खोली ठरविताना नातवाने समुद्र दिसतो की नाही ते पाहिले होते. न्हाणीघर पाहण्याचे कोणालाच सुचले नाही. तेथे गुडघाभर उंच काठाचे टब होते. झिजलेल्या गुडघ्यांना तो काठ ओलांडणे म्हणजे साहसच. पहिल्या दिवशी बादली-तांब्या मिळविण्यातच तासभर गेला. आपण आधीच विचारून घ्यावे: खोली तळमजल्यावर आहे का, न्हाणीघर सपाट आहे का, भिंतीला धरायला दांडा आहे का. रात्रीचा दिवा घरून न्यावा, आणि त्याबरोबर खुंटीचा जोडही. तेथील प्लग इंग्लंडसारखे चौकोनी तीन पिनांचे असतात. पहिल्या रात्री आई उठल्या त्या थेट बाहेरच्या दाराकडे निघाल्या. राजापूरच्या घरात मोरी त्या बाजूला होती. वृद्ध मनाला नव्या जागेत पहिल्या एक-दोन रात्री असा गोंधळ होऊ शकतो. मी दाराजवळच्या पलंगावर झोपले होते म्हणून निभावले.

आता चुकीविषयी.

तिसऱ्या दिवशी आम्ही गाडी करून गंगा तलावाला निघालो. हे सरोवर सुमारे १,८०० फूट उंचीवर आहे. किनाऱ्यावर ऊन असले तरी तिथे धुके, भुरभुर पाऊस आणि बोचरा वारा. शाल बरोबर होती. शंकराची १०८ फुटी मूर्ती पाहून आई हरखल्या. पाण्याकाठी त्यांनी बराच वेळ जप केला आणि मलाही त्यांना उठवावेसे वाटले नाही. पुढे शामारेलची सात रंगांची माती पाहायची होती. जेवण तिकडे करू, असे मी ठरविले. सकाळी आठला इन्सुलिन आणि न्याहारी झाली होती. आम्ही शामारेलला पोहोचलो तेव्हा एक वाजून गेला होता आणि तेथे बसायला जागा नव्हती. "खाली किनाऱ्यावर जेवू," मी म्हणाले. हे म्हणणारी मी, आईंचे जेवण घरी साडेबाराच्या पुढे कधी जाऊ न देणारी.

वळणावळणाच्या उतारावर आई गप्प झाल्या. मला वाटले, गाडी लागली असेल. मी काही विचारले तर त्यांनी सासऱ्यांचे नाव घेऊन, "ते आले का?" असे विचारले. हात धरला तर घामाने थबथबलेला. साखर मोजण्याचे यंत्र पर्समध्ये होते, आकडा ५२. आणि ग्लुकोजची पुडी? ती दुसऱ्या पिशवीत, हॉटेलच्या खोलीत.

चालक भोजपुरी वळणाची हिंदी बोलणारा पन्नाशीचा गृहस्थ होता. त्याने प्रश्न न विचारता पहिल्याच घरासमोर गाडी थांबविली. ओसरीवर एक म्हातारी बाई बसली होती. त्याने क्रियोल भाषेत दोन वाक्ये सांगितली आणि ती ऊस पिकविणाऱ्या त्या देशातली जाड साखर पाण्यात ढवळून घेऊन आली. आई शुद्धीवर होत्या, गिळू शकत होत्या, म्हणून पाजता आले. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट वैद्यकीय मदत मागवावी. तेथील रुग्णवाहिकेचा क्रमांक ११४ आहे. तो मी आता पाठ सांगू शकते, तेव्हा मात्र चालकाला विचारावा लागला होता. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, आकडा ८८. मग त्या बाईंनी धोल-पुरी आणली. वाटलेली डाळ भरलेली मऊ पोळी; आपल्या पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण म्हणावी अशी. साखरपाण्याने आलेली शुद्ध टिकवायला असे काही पोटात जावेच लागते.

आम्ही आपसात बोलत होतो ते ऐकून ती बाई एकदम थांबली आणि म्हणाली, "तुमी मराठी?" तिच्या पणजोबांना ऊसमळ्यांवर मजूर म्हणून आणले होते. इंग्रजांनी १८३४ पासून करारावर आणलेल्या त्या मजुरांत आपल्या कोकणातली माणसेही होती. तिला मराठी सलग बोलता येत नव्हती. आरत्या येत होत्या, झाकरीची गाणी येत होती. गणपती जवळ आले होते. गणेशचतुर्थीची त्या देशात सार्वजनिक सुट्टी असते, हे तिने आम्हांला अभिमानाने सांगितले. दोघी म्हाताऱ्या अर्धा तास एकमेकींचा हात धरून बसल्या. बोलणे निम्मेच कळत असावे.

परतताना मी आईंना विचारले, "सकाळपासून पाणी किती प्यालात?" त्या खिडकीबाहेर पाहू लागल्या. मग म्हणाल्या, "वाटेत कुठे जायचं, म्हणून नाही प्याले. चहाबरोबरची बिस्किटंही नको म्हटलं." मी सगळी यादी केली होती, ही एक गोष्ट त्या माऊलीला विचारलीच नव्हती. वाचकहो, आपल्या घरातील वृद्धांना प्रवासात हे जरूर विचारा, आणि एकांतात विचारा. लाजेपोटी ते पाणी तोडतात. त्यात लघवीची गोळी आणि ऊन यांची भर पडली की अशक्तपणा, चक्कर, कधी गोंधळलेपण येते. त्या रात्री डॉक्टरांना फोन केला. फिरण्याच्या दिवशी गोळी परत आल्यावर दुपारी घेण्याची मुभा त्यांनी दिली. ही मुभा आईंपुरती होती. आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा बदल कोणी करू नये. दुसऱ्या दिवसापासून आम्ही दिवसाला एकच ठिकाण ठेवले, निघण्याआधी चालकाला वाटेतील स्वच्छतागृहे विचारली आणि साखरेची पुडी आईंच्याच बटव्यात ठेवली.

बाकीचे थोडक्यात सांगते. पाम्प्लेमूसच्या वनस्पती उद्यानात वाटा बऱ्याच सपाट आहेत आणि तिथली परातीएवढ्या पानांची कमळे पाहायला आईंना पुरेसा वेळ मिळाला. बोटीची हौस असेल तर मळमळीची गोळी वृद्धांना स्वतःच्या मनाने देऊ नये; अशा काही गोळ्यांनी त्यांना भ्रम होतो, पुरुषांची लघवी अडते. डासांपासून जपावे, कारण डेंग्यू आणि चिकुनगुनिया तिथेही होतात. शिंपले, प्रवाळ उचलून आणू नयेत. आणि सांभाळणाऱ्याने स्वतःचीही एक सुट्टी ठरवून घ्यावी. रविवारी नातू दिवसभर आजीजवळ राहिला आणि मी चार तास गाढ झोपले. लग्नानंतर दुपारी इतकी कधी झोपले होते, आठवत नाही.

शेवटच्या संध्याकाळी आईंना पाण्यात पाय घालायचे होते. तेथील उथळ समुद्रात काटेरी समुद्री साळू आणि दगडासारखा दिसणारा विषारी मासा असतो, म्हणून रबरी बूट घातल्याशिवाय पाण्यात उतरू नये. आईंनी नऊवारीचा घोळ वर खोचला, नातवाचे मापात न बसणारे बूट चढविले आणि एका बाजूने मला, दुसऱ्या बाजूने त्याला धरून पोटरीभर पाण्यात उभ्या राहिल्या. "आपल्यापेक्षा निळा आहे," एवढेच म्हणाल्या.

साखर उतरल्याची गोष्ट मी यजमानांना सवडीने सांगणार होते. आईंनी ती पुण्याच्या घराचा उंबरा ओलांडताच सांगून टाकली, वर "हिची काही चूक नाही, मीच पाणी प्याले नव्हते," असे जोडून. गणपतीला आम्ही राजापूरला निघालो, तेव्हा गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी बटवा उघडून साखरेची पुडी दाखविली आणि मुलाला विचारले, "घाटाच्या आधी थांबायला बरी जागा कुठे आहे, ते आधी बघून ठेव."